आलम आराचा आवाज आणि तुमच्या हॉलमधला बास: अर्देशीर इराणी यांची गोष्ट

भारतातला पहिला बोलपट बराचसा रात्री एक ते चारच्या दरम्यान शूट झाला. मुहूर्त-बिहूर्त काही नाही. स्टुडिओच्या अगदी शेजारून रेल्वेचे रूळ जात होते आणि दिवसा दर काही मिनिटांनी ट्रेन धडधडत जायची. मायक्रोफोनला हिरॉईनचा आवाज आणि ट्रेनचा आवाज यातला फरक कळत नाही, तो दोन्ही सारख्याच इमानदारीने पकडतो. म्हणून शेवटची गाडी गेली की काम सुरू, आणि पहाटेची पहिली गाडी यायच्या आत पॅकअप.

हे करणारा माणूस म्हणजे अर्देशीर इराणी. चित्रपटाच्या इतिहासात त्यांचं नाव 'आलम आरा'चे दिग्दर्शक म्हणून येतं आणि बहुतेक ठिकाणी गोष्ट तिथेच संपते. पण आपल्या साइटवर आपण गॅजेट समजून घेतो, त्यामुळे आपल्याला त्यांच्यातला आवाजवाला जास्त इंटरेस्टिंग आहे. माइक कुठे लपवायचा, आवाज पडद्यावरच्या तोंडातून आल्यासारखा कसा वाटेल, खोली आवाजाचं काय करते, हे सगळे प्रश्न त्यांच्यासमोर १९३०-३१ मध्ये होते. आणि कळंबोलीत दहा बाय बाराच्या हॉलमध्ये होम थिएटर लावणाऱ्या मुलासमोर आजही तेच प्रश्न आहेत, फक्त उलट्या बाजूने. तिकडे माइक होता, इकडे स्पीकर आहे.

पुण्यातला मुलगा, फोनोग्राफचं दुकान

अर्देशीर यांचा जन्म ५ डिसेंबर १८८६ चा, पुण्यातला. घर इराणी झरथुष्ट्री. पुढे मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण. काही दिवस शिक्षकी केली, रॉकेल इन्स्पेक्टरची नोकरीही केली असं सांगतात. मग वडिलांच्या धंद्यात आले. धंदा होता वाद्यं आणि फोनोग्राफ विकण्याचा.

हा तपशील चरित्रांमध्ये एका ओळीत उरकतात, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. सिनेमात येण्याआधी हा माणूस आवाजाचं यंत्र विकत होता. त्या काळच्या फोनोग्राफला वीज नव्हती, अ‍ॅम्प्लिफायर नव्हता. सुई थरथरायची, तिच्यामुळे पातळ पडदा थरथरायचा आणि भोंगा तो आवाज खोलीत सोडायचा. बस. त्या भोंग्यातून गाणाऱ्याचा गळा बऱ्यापैकी ऐकू यायचा, पण तबल्याच्या डग्ग्याचा घुमार जवळपास गायब.

का? तर खालच्या सुरांच्या लाटा फार लांब असतात. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४४ मीटर जातो. १००० हर्ट्झच्या सुराची एक लाट जेमतेम ३४ सेंटिमीटरची, म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीपेक्षा थोडी मोठी. पण ४० हर्ट्झच्या बासची एक लाट ८.६ मीटर, म्हणजे २८ फूट! एवढी मोठी लाट उभी करायची तर खूप हवा ढकलावी लागते. छोटा भोंगा ती ढकलू शकत नाही. तुमच्या मोबाइलचा स्पीकर तर नखाएवढा. त्यामुळे मोबाइलवर गाणं ऐकताना बास 'कमी' येत नाही, तो येतच नाही. मेंदू वरच्या सुरांवरून अंदाज बांधून घेतो. वूफरचा डबा मोठा का असतो, याचं उत्तर हेच आहे. कंपनीने शो करण्यासाठी तो मोठा बनवलेला नाही.

तंबू, लॉटरी आणि मॅजेस्टिक

१९०३ मध्ये अर्देशीर यांना लॉटरीत १४,००० रुपये लागले अशी नोंद सापडते. वय तेव्हा सोळा-सतरा. त्या काळात ही रक्कम प्रचंड होती. पैसा सिनेमा दाखवण्याच्या धंद्याकडे वळला. हॉलीवूडच्या युनिव्हर्सल कंपनीचं इथलं काम त्यांनी पाहिलं. मग अब्दुलअली युसुफअली यांच्याशी भागीदारी झाली. युसुफअली हे तंबूतला सिनेमा घेऊन देशोदेशी फिरलेले गडी. दोघांनी मिळून मुंबईतलं अलेक्झांड्रा थिएटर चालवलं आणि गिरगावात १९१८ च्या सुमारास मॅजेस्टिक उभं केलं. हे मॅजेस्टिक लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

दाखवता दाखवता बनवण्याची हौस लागली. १९२२ मध्ये भोगीलाल दवे यांच्यासोबतच्या स्टार फिल्म कंपनीचा 'वीर अभिमन्यू' आला. कंपन्या निघाल्या, बंद झाल्या, भागीदार बदलले, तो सगळा हिशोब इथे देत बसत नाही. १९२५-२६ च्या सुमारास इम्पीरियल फिल्म कंपनी उभी राहिली आणि ती मूकपटांच्या काळातली बडी कंपनी ठरली. सुलोचना म्हणजे रूबी मायर्स ही तिथली स्टार. झुबेदा, जिल्लो, पुढे पृथ्वीराज कपूर, सगळे इम्पीरियलचे.

म्हणजे १९२९ साली अर्देशीर यांचं बरं चाललं होतं. मूकपट कुठल्याही प्रांतात चालायचा, फक्त मधल्या पाट्या बदलल्या की झालं. अशा वेळी आवाजाच्या भानगडीत पडणं म्हणजे चालत्या धंद्यात स्वतःहून खड्डा खणणं. बोलपट म्हटला की भाषा ठरवावी लागणार. भाषा ठरवली की बाकीच्या भाषांचा प्रेक्षक गेला. थिएटरात नवी मशिनं बसवावी लागणार. आणि ज्या नट्यांच्या चेहऱ्यावर तिकिटं खपतात त्यांना नीट हिंदुस्तानी बोलता येत नसलं तर?

त्या सुमारास मुंबईच्या एक्सेलसियर थिएटरात त्यांनी 'शो बोट' पाहिला. युनिव्हर्सलचाच, अर्धा बोलका अर्धा मुका. तिथून डोक्यात चक्र फिरलं. तिकडे कलकत्त्याची मादन थिएटर्स ही तगडी कंपनीही बोलपटाच्या तयारीत होती. म्हणून अर्देशीर यांनी काम गुपचूप केलं. जोसेफ डेव्हिड यांचं पारशी रंगभूमीवरचं गाजलेलं नाटक घेतलं, गोष्ट राजा-राणी-राजपुत्राची, नाव 'आलम आरा'.

एकच फिल्म, चित्र आणि आवाज दोन्ही

त्यांनी आणलेलं रेकॉर्डिंगचं यंत्र टॅनार नावाचं होतं. ते बसवायला विल्फर्ड डेमिंग हा अमेरिकन इंजिनिअर आला. त्याची फी दिवसाला शंभर रुपये होती असं सांगतात. ही रक्कम परवडेना. तेव्हा अर्देशीर आणि त्यांचे सहकारी रुस्तम भरुचा (हे वकील, कंपनीचे मॅनेजर!) या दोघांनी महिनाभरात यंत्र समजून घेतलं आणि साउंड रेकॉर्डिंग स्वतःच्या हातात घेतलं. दिग्दर्शक, निर्माता आणि साउंड रेकॉर्डिस्ट एकच माणूस. वय चव्वेचाळीस.

टॅनार ही 'सिंगल सिस्टिम' होती. म्हणजे चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर, एकाच वेळी. आवाज फिल्मच्या कडेला उजेडाच्या बारीक पट्टीच्या रूपात छापला जायचा. आता यातली गंमत बघा. प्रोजेक्टरमध्ये चित्राच्या जागी फिल्म सेकंदाला २४ वेळा थांबत-थांबत सरकते. पण आवाजासाठी ती अजिबात न थांबता, एकसारखी सरकायला हवी, नाहीतर गाणं हेलकावे खाईल. दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी होणं शक्य नाही. म्हणून आवाज वाचणारा भाग थोडा पुढे बसवतात, आणि फिल्मवर एखाद्या चित्राचा आवाज त्याच्यापासून साधारण २० फ्रेम अंतरावर असतो. २० फ्रेम म्हणजे ०.८३ सेकंद.

परिणाम काय? एडिटिंगला बसलात आणि चित्र जिथे संपतं तिथे कात्री मारली, तर आवाज भलत्याच ठिकाणी कापला जातो. त्यामुळे नटाने वाक्य चुकवलं की तेवढा तुकडा बदलणं अवघड, शॉट पुन्हा घ्या.

लिप सिंकचा हा त्रास तुम्हालाही होतोच. टीव्हीला ब्लूटूथ स्पीकर जोडला आणि ओठ आधी हलतात, आवाज नंतर येतो. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज दाबून पाठवायला आणि पलीकडे उघडायला सेकंदाचा दहावा-पाचवा भाग जातो. गाणी ऐकताना कळत नाही, सिनेमात लगेच खटकतं. होम थिएटर एचडीएमआय एआरसी किंवा ऑप्टिकल वायरने जोडा. तरीही आवाज मागे-पुढे वाटला तर सेटिंगमध्ये 'ऑडिओ डिले' किंवा 'लिप सिंक' नावाचा पर्याय असतो, तो ओठ बघत बघत जुळवा. अर्देशीर यांच्याकडे असा पर्याय नव्हता.

माइक लपवायचा कुठे?

इम्पीरियलचा स्टुडिओ मुंबईत ग्रँट रोडजवळ केनेडी ब्रिजच्या बाजूला होता. पुढे तो ज्योती स्टुडिओ म्हणून ओळखला गेला. आवाज अडवणाऱ्या भिंती वगैरे काही नाही. मग रात्रीचा तो एक ते चारचा वेळ.

बरोबर असाच उद्योग सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी अमेरिकेत एका माणसाने केला होता. हार्वर्ड विद्यापीठातले वॉलेस सॅबाइन. १८९५ मध्ये त्यांना एक लेक्चर हॉल सुधारायला सांगितलं, कारण तिथे बोललेलं घुमत राहायचं आणि कुणाला काही कळायचं नाही. सॅबाइन मध्यरात्रीनंतर काम करायचे, कारण दिवसा बाहेर ट्राम. शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायचे, हॉलमध्ये मांडायचे, आवाज किती वेळ घुमतो ते मोजायचे आणि सकाळच्या आत गाद्या परत. एकदा त्यांच्या लक्षात आलं की आपल्या अंगावरचे कपडेसुद्धा आवाज शोषतात. झालं, हजारो मोजमापं रद्द केली आणि पुन्हा पहिल्यापासून रोज तेच कपडे घालून मोजली. खोली जेवढी मोठी तेवढा आवाज जास्त घुमणार, शोषणाऱ्या वस्तू जेवढ्या जास्त तेवढा कमी, हा नियम त्यातून निघाला. आजही सगळं जग तोच वापरतं.

अर्देशीर यांना गाद्यांची नाही, माइकची चिंता होती. माइक कॅमेऱ्यात दिसता कामा नये, पण नटापासून लांबही चालत नाही. म्हणून तो सेटवर कुठेतरी आडोशाला लपवायचा आणि नटांनी त्या जागेच्या आसपासच बोलायचं. गाण्याचं तर आणखी कठीण. तेव्हा प्लेबॅक नव्हतं, ते आलं १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सच्या 'धूप छाँव'पासून. 'आलम आरा'त नट कॅमेऱ्यासमोर स्वतः गायचा आणि त्याच वेळी वादक फ्रेमच्या बाहेर लपून वाजवायचे. हार्मोनियम, तबला, व्हायोलिन, एवढाच ताफा. चित्रपटात सात गाणी होती. फकिराचं काम करणारे डब्ल्यू. एम. खान यांनी गायलेलं गाणं हे आपल्या सिनेमातलं पहिलं गाणं.

आता विचार करा, मिक्सर नाही. गायक किती मोठा आणि तबला किती लहान ऐकू येईल हे ठरणार फक्त एका गोष्टीवर: कोण माइकपासून किती लांब बसलंय. तबला जास्त वाटला? तबलजीला दोन पावलं मागे सरकवा. बटण नाहीच, फक्त जागा.

होम थिएटरमध्ये आपण नेमकं याच्या उलट करतो. जागा बघतच नाही, थेट रिमोट उचलतो.

आवाज तोंडातून यायला हवा

बोलपट दाखवणाऱ्या थिएटरांत स्पीकर पडद्याच्या मागे ठेवायला लागले आणि पडद्याला बारीक छिद्रं ठेवली, म्हणजे आवाज आरपार येईल. ही साधी वाटणारी युक्ती फार मोलाची आहे. आवाज चेहऱ्याच्या दिशेने आला की मेंदू तो चेहऱ्याला चिकटवून टाकतो. बाजूच्या भिंतीवरून आला तर रेडिओ लावल्यासारखं वाटतं.

म्हणून ५.१ सेटमध्ये सगळ्यात महत्त्वाचा स्पीकर कुठला, तर मधला, सेंटर. संवादाचा बहुतेक भाग त्यातूनच येतो. तो टीव्हीच्या बरोबर खाली किंवा वर ठेवा, तोंड तुमच्या कानाकडे. कपाटाच्या कप्प्यात आत ढकलून ठेवला तर आवाज डब्यातून आल्यासारखा येणार. कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे ओढा आणि खाली ठेवला असेल तर पुढून जरा उचला, खोडरबर लावला तरी चालेल. 'डायलॉग ऐकू येत नाही आणि गाणं आलं की शेजारी उठतात' या तक्रारीवरचा अर्धा इलाज इथेच आहे. उरलेला अर्धा म्हणजे सेंटरची लेव्हल दोन-तीन डेसिबल वाढवणं.

डावा-उजवा स्पीकर टीव्हीला चिकटवून ठेवू नका. सोफा टीव्हीपासून ८ फुटांवर असेल तर दोन्ही स्पीकरमध्ये साडेसहा ते आठ फूट अंतर हवं आणि उंची बसलेल्या माणसाच्या कानाएवढी. मागचे दोन तुमच्या बाजूला किंवा किंचित मागे, कानापेक्षा थोडे वर. सोफा मागच्या भिंतीला टेकला असेल, आणि आपल्याकडे तो टेकलेलाच असतो, तर ते बाजूच्या भिंतींवर लावा. डोक्यामागे चिकटवून काही उपयोग नाही.

१४ मार्च १९३१

'आलम आरा' मॅजेस्टिकमध्ये लागला तो दिवस. गर्दी एवढी झाली की पोलीस बोलवावे लागले. चार आण्यांचं तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेल्याचं सांगतात. चित्रपट दोन तासांहून थोडा मोठा आणि खर्च सुमारे ४०,००० रुपये. मादन थिएटर्सचा 'शिरीं फरहाद' त्यानंतर काही आठवड्यांनी आला. आवाज आणि गाणी दोन्हींमध्ये तो सरस होता असं जाणकार म्हणतात. पण पहिला तो पहिला.

नायक होता मास्टर विठ्ठल, मूकपटातला आपला मराठी स्टार. तो दुसऱ्या स्टुडिओशी करारात होता, तो मोडून इकडे आला म्हणून कोर्टकचेरी झाली, आणि त्याची बाजू लढवली बॅरिस्टर महंमद अली जिना यांनी. केस जिंकली. पण हिंदुस्तानी उच्चार काही जमेनात. त्यामुळे बोलपटाचा नायक पडद्यावर बराच वेळ गप्प किंवा गुंगीत दाखवला! सुलोचनाची गोष्टही तशीच. कंपनीची सर्वांत मोठी स्टार, पण तिने कामातून वेळ काढून भाषा शिकून घेतली आणि मग १९३२ च्या 'माधुरी'तून बोलपटात आली. सगळ्यांना ते जमलं नाही. मूकपटांच्या खेळात पडद्याशेजारी बसून पेटी-तबला वाजवणारे वादक होते, थिएटरं बोलकी होत गेली तशी त्यांची रोजी गेली. अर्देशीर यांच्या यशाचा हा भागही सांगायलाच हवा.

त्या पहिल्या प्रेक्षकांना बास किती ऐकू आला असेल? ढोबळमानाने बोलायचं तर शंभर हर्ट्झच्या खाली फारसं काही नाही. फिल्मवरची आवाजाची पट्टी आणि भोंग्याचे स्पीकर दोघांनाही मर्यादा होती. हॉलीवूडमध्ये १९३६ च्या सुमारास एमजीएम स्टुडिओच्या डग्लस शिअरर यांच्या टीमने खालच्या आणि वरच्या सुरांसाठी वेगळे भोंगे असलेला थिएटर स्पीकर बनवला, त्याला अकादमीचं तांत्रिक पारितोषिक मिळालं. तुमच्या सेटमधला वूफर आणि छोटे स्पीकर ही तीच वाटणी आहे. साधारण ८० हर्ट्झच्या खालचं वूफरकडे, वरचं बाकीच्यांकडे. सेटिंगमध्ये याला 'क्रॉसओव्हर' म्हणतात. मुठीएवढे स्पीकर असतील तर १२० ते १५० ठेवावा लागतो.

आता खोलीचं गणित

इथे जरा थांबून नीट समजून घेऊ, कारण बास बिघडवते ती खोली, वूफर नाही.

सिडकोच्या इमारतीतला हॉल धरा: १२ फूट लांब, १० फूट रुंद, ९ फूट उंच. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये जेव्हा बरोबर अर्धी लाट मावते तेव्हा तो सूर खोलीत अडकून घुमायला लागतो. हिशोब सोपा आहे, ३४४ ला अंतराच्या दुपटीने भागा. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर, उत्तर ४७ हर्ट्झ. १० फुटांचं उत्तर ५६ आणि ९ फुटांचं ६३. म्हणजे या हॉलमध्ये ४७, ५६ आणि ६३ हे तीन सूर नको तेवढे फुगणार.

पण सगळीकडे सारखे नाही. भिंतीजवळ ते सर्वांत जास्त आणि बरोबर मधोमध जवळपास शून्य. म्हणून सोफा मागच्या भिंतीला टेकला की बास धमधम करतो, आणि त्याच हॉलच्या मध्यभागी खुर्ची टाकून बसलं की गायब होतो. दोन्ही चूक. सोफा भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे ओढता आला तरी मोठा फरक पडतो.

पडदे, सतरंजी, उशा याने बास आटोक्यात येत नाही. फरशीच्या खोलीत टाळी वाजवल्यावर जो खणखणीत आवाज येतो तो त्यांनी कमी होतो, संवाद स्वच्छ होतात, म्हणून त्या हव्यातच. पण बासच्या लाटेला शोषायचं तर तिच्या लांबीच्या चौथ्या हिश्श्याएवढी जाडी लागते. ४७ हर्ट्झसाठी ती होते १.८ मीटर. एवढी जाड गादी हॉलमध्ये ठेवली तर माणसं कुठे बसणार?

मग उरतं जागा बदलणं, तबलजीला दोन पावलं मागे सरकवण्यासारखं. युक्ती अशी: वूफर तात्पुरता सोफ्यावर, तुम्ही बसता तिथे ठेवा. बास सतत चालू असलेलं एखादं गाणं लावा. मग गुडघ्यांवर रांगत भिंतींच्या कडेने फिरा, कान जमिनीपासून फूटभर वर. घरचे हसतील, हसू द्या. जिथे प्रत्येक बास सूर सारखा आणि स्वच्छ ऐकू येईल, एकच सूर अंगावर येणार नाही, ती जागा वूफरची. कोपऱ्यात बास सर्वांत मोठा मिळतो, पण सर्वांत घुमटही तिथेच होतो. नंतर वूफरच्या मागचं 'फेज' बटण ० आणि १८० वर करून बघा, ज्यावर बास भरीव वाटेल ते ठेवा. मोबाइलवरचं मोफत स्पेक्ट्रम अ‍ॅप तुलना करायला ठीक आहे, पण मोबाइलचा माइक खालचे सूर कमी पकडतो, म्हणून आकड्यांवर फार जाऊ नका.

कळंबोलीत एक अडचण जास्तीची. स्टील मार्केटचे ट्रेलर, सायन-पनवेल हायवे, पुण्याचा एक्स्प्रेसवे सुरू होतो तोही इथूनच. जड गाड्यांची घरघर बासच्याच पट्ट्यात येते आणि सिनेमातला बास झाकून टाकते. मग आपण वूफर वाढवतो, आणि लांब लाटा स्लॅबमधून वरच्या-खालच्या घरात पोहोचतात. शेजाऱ्यांना संवाद ऐकू येत नाहीत, फक्त धप-धप येतं, आणि ते जास्त त्रासदायक. रहिवासी भागात कायद्याने दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. यावर चांगला उपाय म्हणजे वूफर सोफ्याच्या अगदी शेजारी किंवा मागे ठेवणं. तुमच्या कानाला जवळ, म्हणून आवाज कमी ठेवूनही तेवढाच बास मिळतो. खाली जाड रबर किंवा फोम ठेवला तर फरशीची थरथर कमी होते. हवेतून जाणारा बास त्याने थांबत नाही. खिडक्या लावून घ्या, आणि हो, हायवे शांत झाल्यावरचा शो बघायचा मोह होईल, पण अर्देशीर यांच्या स्टुडिओत वरच्या मजल्यावर कुणी आजोबा झोपलेले नव्हते.

नंतरची वर्षं

अर्देशीर थांबले नाहीत. त्याच १९३१ मध्ये 'आलम आरा'च्याच सेटवर 'कालिदास' केला, पहिला तमिळ बोलपट, ज्यात तमिळबरोबर तेलुगूही होती. १९३३ मध्ये अब्दुलहुसेन सेपंता यांच्यासोबत 'दोख्तरे लोर' बनवला, पहिला फारसी बोलपट, बनला मुंबईत आणि गाजला तेहरानमध्ये. मूकपटाच्या काळात भाषेची भीती होती ना, त्याच भाषेतून त्यांनी नवे बाजार शोधले. इकडे पुण्या-कोल्हापुरातही वेळ लागला नाही, प्रभातचा 'अयोध्येचा राजा' १९३२ मध्ये मराठीत बोलू लागला.

१९३७ चा 'किसान कन्या' हा इथेच तयार झालेला पहिला रंगीत चित्रपट. सिनेकलर पद्धतीचे हक्क इम्पीरियलने घेतले होते. यावेळी मात्र जादू चालली नाही. रंग लोकांना बघायला आवडला, पण आवाजासारखी रांग लागली नाही, आणि इम्पीरियल कंपनी लवकरच बंद पडली. शेवटचा चित्रपट १९४५ चा. एकूण दीडशेहून जास्त चित्रपट त्यांच्या नावावर आहेत. १४ ऑक्टोबर १९६९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

मॅजेस्टिक थिएटरही पाडलं गेलं. गिरगावात त्या जागी आता मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर आहे.

आणि 'आलम आरा'? त्याची एकही प्रत उरलेली नाही. त्या वेळची फिल्म नायट्रेटची, पटकन पेट घेणारी आणि ठेवली तर कुजणारी. तिच्यात चांदी असायची, म्हणून अनेक जुन्या फिल्म भंगारात चांदीसाठी विकल्या गेल्या. पुण्यातलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झालं तोवर उशीर झाला होता. काही फोटो, जाहिराती आणि गाण्यांचे शब्द शिल्लक आहेत. रात्री एक ते चार जागून पकडलेला आवाज त्याच फिल्मच्या कडेला, उजेडाच्या त्या पट्टीत होता, दुसरीकडे कुठेच नव्हता.